शब्द साधा, रोख ठरलेला : अमेरिकी राजकारणातील वंशद्वेषाची सांकेतिक भाषा

२६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे 'दाली' नावाचे अवाढव्य मालवाहू जहाज वीजपुरवठा बंद पडून भरकटले आणि फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. काही सेकंदांत पूल पाण्यात कोसळला. रात्रपाळीत पुलावरचे खड्डे बुजवणारे सहा मजूर मृत्युमुखी पडले. हे सहाही जण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेले स्थलांतरित होते. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते.

चर्चा जहाजाच्या बिघाडाची व्हायला हवी होती, आणि ती झालीही. पण त्याच वेळी समाजमाध्यमांवर एक वेगळेच 'कारण' फिरू लागले : बाल्टिमोरचा 'डीईआय महापौर'. डीईआय म्हणजे विविधता, समता आणि समावेशन. कंपन्या, विद्यापीठे आणि सरकारी कचेऱ्यांत आजवर डावलल्या गेलेल्यांना वाट मिळावी म्हणून आखलेल्या धोरणांचे हे संक्षिप्त नाव. महापौर ब्रँडन स्कॉट कृष्णवर्णीय आहेत. त्यांची कोणत्याही धोरणाखाली नेमणूक झालेली नव्हती, २०२० साली त्यांना लोकांनी मते देऊन निवडले होते. पूलही शहराच्या ताब्यातला नव्हता, तो मेरीलँड राज्याच्या वाहतूक प्राधिकरणाचा होता. म्हणजे 'डीईआय' या शब्दाचा खरा अर्थ इथे कुठेच लागू पडत नव्हता. तरीही ज्यांच्यासाठी तो उच्चारला होता त्यांना तो बरोबर कळला. आपल्या वाचकांनाही त्याचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही. "कोट्यातला आहे, त्याला काय जमणार" हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत.

वंशाचे नाव न घेता वंशावर बोलायचे, ही कला अमेरिकेच्या राजकारणात शंभराहून अधिक वर्षे घासूनपुसून तयार झालेली आहे. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी तिचा इतिहास समजून घ्यावा असे आम्हांला वाटते, आणि त्याचे एक व्यावहारिक कारण आहे. तिथे ही भाषा कशी घडवली गेली याची कबुली ती घडवणाऱ्यांच्याच तोंडून, डायऱ्यांत आणि ध्वनिफितींत, नोंदली गेली आहे. आपल्याकडे असा मुद्देमाल सहसा हाती लागत नाही.

इंग्रजीत या प्रकाराला 'डॉग व्हिसल' म्हणतात, म्हणजे कुत्र्याला बोलावण्याची शिट्टी. तिचा आवाज इतक्या वरच्या पट्टीत असतो की माणसाला तो ऐकू येत नाही, कुत्र्याला येतो. (ही शिट्टी १८७६ च्या सुमारास इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने बनवली. याच गृहस्थाने १८८३ मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द घडवला, ज्याच्या नावाखाली पुढे 'हीन' ठरवलेल्या माणसांची नसबंदी झाली. योगायोगच, पण लक्षात ठेवण्यासारखा.) राजकारणातली शिट्टीही अशीच वाजते. सर्वसाधारण श्रोत्याला वाक्य निरुपद्रवी वाटते. ठरावीक श्रोत्याला त्यातली खूण कळते. आणि कोणी जाब विचारला की वक्ता हात झटकतो : "मी कुठे काळ्या-गोऱ्याचे नाव घेतले? तुमच्याच डोक्यात वंश आहे." हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. पळवाट आधी तयार ठेवूनच शब्द निवडलेला असतो.

याची सुरुवात भाषणांतून नाही, कायद्यातून झाली. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये अमेरिकेच्या संविधानात पंधरावी दुरुस्ती झाली आणि वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणाने मताधिकार नाकारण्यास मनाई झाली. मग दक्षिणेकडच्या राज्यांनी वंश हा शब्दच टाळला. १८९० मध्ये मिसिसिपीने नव्या राज्यघटनेत मतदानासाठी डोईपट्टी आणि वाचून समजण्याची परीक्षा आणली. १८९८ मध्ये लुईझियानाने आणखी पुढची युक्ती काढली : १ जानेवारी १८६७ पूर्वी ज्याचा बाप किंवा आजा मतदार होता, त्याला शिक्षणाची आणि मालमत्तेची अट माफ. ऐकायला यात रंग कुठेच नाही. पण त्या तारखेपूर्वी त्या राज्यात कृष्णवर्णीयांना मताधिकारच नव्हता, त्यांचे आजे तर गुलाम होते. १८९६ मध्ये लुईझियानात सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९०० मध्ये ते ५ हजारांच्या आसपास उरले. 'आजोबांच्या कलमा'ची ही युक्ती अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९१५ च्या जूनमध्ये, ओक्लाहोमा राज्याच्या प्रकरणात, घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात एम.ए. झाले. कलम गेले तरी परीक्षा आणि डोईपट्टी मात्र पुढे पन्नास वर्षे टिकली.

तोपर्यंत बोलताना कोणाला फारसा संकोच नव्हता. दक्षिणेतले नेते भर सभेत कृष्णवर्णीयांना शिव्या घालत आणि निवडून येत. १९५४ मध्ये शाळांतील वंशभेद बेकायदा ठरवणारा 'ब्राऊन' खटल्याचा निकाल आला, १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला, १९६५ मध्ये मताधिकार कायदा झाला. या दहा-अकरा वर्षांत मोर्चे, तुरुंगवास आणि हौतात्म्य यांनी देशाची लाज जागी केली. उघड वंशद्वेष राजकारणात महाग पडू लागला. द्वेष संपला नव्हता, त्याला फक्त नवे कपडे हवे होते.

१९६८ ची अध्यक्षीय निवडणूक हे त्या कपड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन. अलाबामाचा माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याने १९६३ मध्ये शपथविधीच्या भाषणातच वंशविभाजन कायम राहील अशी गर्जना केली होती. पाच वर्षांनी अध्यक्षपदासाठी उभा राहिल्यावर तो 'राज्यांचे अधिकार' आणि 'कायदा आणि सुव्यवस्था' बोलू लागला. त्याने दक्षिणेतली पाच राज्ये जिंकली. रिचर्ड निक्सन यांनी तीच 'कायदा आणि सुव्यवस्था' सौम्य, सभ्य आवाजात मांडली आणि ते अध्यक्ष झाले. त्यांच्या कार्यालयाचे प्रमुख हाल्डेमन रोज डायरी लिहीत. १९९४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १९६९ च्या एका नोंदीत निक्सन यांचे म्हणणे आहे, त्याचा आशय असा : कल्याणकारी योजनांची सगळी अडचण मुळात कृष्णवर्णीयांचीच आहे, तेव्हा हे ओळखणारी पण तसे ओळखल्याचे दिसू न देणारी व्यवस्था शोधायला हवी. राष्ट्राध्यक्षाच्या तोंडची सांकेतिक भाषेची इतकी नेमकी व्याख्या दुसरीकडे मिळणे कठीण.

त्याच काळात 'सक्तीचे बसिंग' हा शब्दप्रयोग आला. वंशभेद मोडण्यासाठी न्यायालये मुलांना बसने दूरच्या शाळेत पाठवण्याचे आदेश देत होती, त्याला विरोध करताना गोरे पालक म्हणत, "आमचा विरोध कृष्णवर्णीयांना नाही, आमच्या लेकरांना लांब बसने नेण्याला आहे." आता ज्या लिंडा ब्राऊनच्या वडिलांचे नाव १९५४ च्या खटल्याला आहे, ती मुलगी टोपेका गावात शाळेत कशी जायची? जवळची गोऱ्यांची शाळा ओलांडून, रेल्वेच्या रुळांमधून चालत जाऊन, मग बस पकडून दूरच्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत. बस तेव्हाही होती, अंतर तेव्हाही होते, सक्तीही होती. तेव्हा कोणालाच बसचा त्रास झाला नव्हता.

या सगळ्याचा गुपितफोड करणारी मुलाखत १९८१ ची आहे. ली ॲटवॉटर हा तेव्हा रेगन यांच्या व्हाइट हाऊसमध्ये काम करणारा तरुण निवडणूक-रणनीतीकार. अलेक्झांडर लॅमिस या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाशी तो मोकळेपणाने बोलला. मुलाखत आधी नाव न देता छापली गेली, नंतर नाव उघड झाले, आणि २०१२ मध्ये तिची ध्वनिफीतच सर्वांसमोर आली. तो सांगतो त्याचा मथितार्थ असा. १९५४ मध्ये तुम्ही कृष्णवर्णीयांसाठीची ती घाणेरडी शिवी सरळ देत होता. १९६८ पर्यंत ती देता येईनाशी झाली, ती अंगाशी येऊ लागली. मग तुम्ही सक्तीचे बसिंग आणि राज्यांचे अधिकार बोलू लागलात. पुढे भाषा आणखी अमूर्त होत गेली, आता तुम्ही कर कमी करण्याबद्दल बोलता. हे सगळे मुद्दे पूर्णपणे आर्थिक दिसतात, आणि त्यांचा एक आनुषंगिक परिणाम म्हणजे कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा जास्त फटका बसतो.

ॲटवॉटरचा दावा होता की भाषा इतकी अमूर्त होणे म्हणजे वंशवाद विरत चालल्याचे लक्षण. आम्हांला त्याची शिडी उलटी वाचावीशी वाटते. खालच्या पायरीवर शिवी आहे, मधल्या पायरीवर प्रशासनाचा शब्द आहे, वरच्या पायरीवर अर्थसंकल्पाचा शब्द आहे. प्रत्येक पायरीवर बोलणारा अधिक सभ्य होतो आणि त्याचा हात अधिक लांबपर्यंत पोहोचतो. शिवीने माणसाचा अपमान होतो. अर्थसंकल्पातल्या कपातीने वस्तीतली शाळा बंद होते.

या शिडीवर रोनाल्ड रेगन सहजपणे वर-खाली करत. ३ ऑगस्ट १९८० रोजी, पक्षाची उमेदवारी मिळाल्यावर थोड्याच दिवसांत, ते मिसिसिपीतील नेशोबा काउंटीच्या जत्रेत बोलायला गेले. शेजारी फिलाडेल्फिया नावाचे गाव आहे. १९६४ मध्ये जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा त्याच परिसरात खून करून मृतदेह मातीच्या बंधाऱ्यात पुरले होते. त्या मातीवर उभे राहून रेगन म्हणाले की माझा राज्यांच्या अधिकारांवर विश्वास आहे. खुनाचा उल्लेख नाही, वंशाचा नाही. शब्द संघराज्याच्या पाठ्यपुस्तकातला. पण जागा, गर्दी आणि इतिहास यांनी त्याचा अर्थ पूर्ण केला. सांकेतिक शब्द वाचताना तो कुठे, कोणासमोर बोलला गेला हे पाहावे लागते ते यासाठी.

रेगन यांचे दुसरे उदाहरण अधिक खोल आहे, आणि समाजकार्य करणाऱ्या आम्हां लोकांना ते रोज नव्या रूपात भेटते. १९७६ च्या प्रचारात ते शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत. तिची म्हणे ८० नावे, ३० पत्ते, १२ सामाजिक सुरक्षा कार्डे आणि करमुक्त दीड लाख डॉलरची वर्षाची कमाई. लोकांनी तिला 'वेल्फेअर क्वीन' म्हटले, म्हणजे सरकारी भत्त्यावर जगणारी महाराणी. रेगन तिचा वंश सांगत नसत. 'शिकागो' आणि 'भत्ता' हे दोन शब्द पुरेसे होते, चित्र ऐकणारा स्वतः रंगवायचा. अशी बाई खरोखर होती, लिंडा टेलर नावाची. १९७७ मध्ये तिच्यावर जो गुन्हा सिद्ध झाला त्यातली रक्कम सुमारे ८ हजार डॉलर होती. पुढे पत्रकार जोश लेविन यांनी तिचा माग काढला तेव्हा समजले की १९३० च्या जनगणनेत तिची नोंद गोरी म्हणून होती. एका सराईत भामटीच्या चेहऱ्यावर लक्षावधी गरीब आयांची ओळख चिकटवली गेली.

हे चित्र एकट्या रेगन यांनी रंगवले नाही. मार्टिन गिलेन्स या अभ्यासकाने १९८८ ते १९९२ या काळातील अमेरिकेच्या तीन प्रमुख साप्ताहिकांतील गरिबांची छायाचित्रे मोजली. त्यांतले ६२ टक्के गरीब कृष्णवर्णीय होते. प्रत्यक्षात देशातल्या गरिबांत त्यांचा वाटा २९ टक्के होता. संपादकांनी कोणताही वाईट शब्द लिहिला नव्हता, फक्त फोटो निवडले होते. १९९६ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाचे बिल क्लिंटन अध्यक्ष असताना, गरीब मुलांच्या कुटुंबांना १९३५ पासून हक्काने मिळणारी मदत बंद झाली आणि तिच्या जागी मुदतीची, अटींची योजना आली. ज्या गोऱ्या गरिबांनी 'महाराणी'वर राग धरून मते दिली, त्यांच्याही घरातला भत्ता त्याच सहीने गेला. ॲटवॉटरच्या वाक्यातला 'जास्त' हा शब्द इथे पाहावा. कृष्णवर्णीयांना जास्त फटका बसला, पण फटका गोऱ्या गरिबालाही बसला. कायद्याचे प्राध्यापक इयन हेनी लोपेझ यांनी २०१४ च्या आपल्या 'डॉग व्हिसल पॉलिटिक्स' या पुस्तकात हाच मुद्दा विस्ताराने मांडला आहे : शिट्टी वाजते वंशाची, आणि तिच्या आडून खिसा कापला जातो सर्वांचाच.

गुन्हेगारीच्या बाबतीतही शिट्टी दोन्ही पक्षांनी वाजवली. १९८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांच्याविरुद्ध, जॉर्ज बुश यांच्या समर्थक गटाने, फर्लोवर सुटून गंभीर गुन्हे करणाऱ्या हॉर्टन या कृष्णवर्णीय कैद्याचा फोटो असलेली जाहिरात दाखवली. त्याचे नाव विल्यम, जाहिरातीत ते 'विली' झाले. फर्लोची योजना मुळात १९७२ ची, बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या गव्हर्नरने सुरू केलेली, हे सांगितले गेले नाही. बुश यांच्या त्या प्रचाराचे सूत्रधार ली ॲटवॉटरच होते. मेंदूच्या कर्करोगाने १९९१ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्यांनी डुकाकिस यांची जाहीर माफी मागितली. १९९६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी काही किशोरवयीन मुलांना 'सुपरप्रिडेटर' म्हटले, म्हणजे महाभयंकर शिकारी श्वापद. जॉन डिल्युलियो या प्राध्यापकाने आदल्या वर्षी हा शब्द रूढ करून बालगुन्हेगारीची लाट येणार असे भाकीत केले होते. लाट आली नाही, उलट प्रमाण घटले. प्राध्यापकांनी आपले चुकल्याचे मान्य केले, हिलरी क्लिंटन यांनी २०१६ मध्ये तो शब्द वापरायला नको होता असे सांगितले. मधल्या काळात तुरुंगात गेलेल्या पोरांचे वय कोणी परत दिले नाही.

शब्दांनी तयार केलेल्या भीतीतून कायदे कसे निघतात ते १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात दिसते. कृष्णवर्णीय वस्त्यांशी जोडला गेलेला स्वस्त 'क्रॅक' ५ ग्रॅम सापडला की किमान पाच वर्षे. तेवढ्याच शिक्षेसाठी कोकेनची भुकटी मात्र ५०० ग्रॅम लागायची. मूळ पदार्थ एकच. २०१० मध्ये हे प्रमाण १०० ऐवजी १८ पट केले गेले, आणि त्याला सुधारणा म्हटले गेले.

आता प्रश्न येतो, अशा भाषेला उत्तर द्यायचे कसे. प्रिन्स्टनच्या प्राध्यापक टाली मेंडेलबर्ग यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात हॉर्टन प्रकरणाचा अभ्यास मांडला. जोवर ती जाहिरात फक्त 'गुन्हेगारी'ची मानली जात होती तोवर ती गोऱ्या मतदारांच्या मनातला पूर्वग्रह चाळवत होती. ऑक्टोबरमध्ये जेसी जॅक्सन यांनी ती वंशवादी आहे असे उघड म्हटले आणि माध्यमांत चर्चा सुरू झाली, तेव्हा तिचा प्रभाव ओसरू लागला. म्हणजे खूण उघड केली की तिची शक्ती कमी होते. यामागे एक गृहीतक होते : वंशवादी म्हणवून घेण्याची लोकांना लाज वाटते. २०१८ मध्ये निकोलस व्हॅलेंटिनो आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की ती लाजच आता पातळ झाली आहे. उघड आणि सांकेतिक बोलण्यातला परिणामाचा फरक मिटत चालला आहे. ट्रम्प यांच्या काळात शिट्टी आणि भोंगा दोन्ही एकाच सभेत वाजतात हे आपण पाहतोच. त्यामुळे "हा वंशवादी आहे" एवढे ओरडून भागत नाही. समोरचा टी-शर्टवर छापून घेईल.

आमच्या मते कार्यकर्ते एका सापळ्यात नेहमी सापडतात, तो म्हणजे हेतूचा. "त्याला खरेच तसे म्हणायचे होते का?" या वादात शिरलात की सामना त्याच्या मैदानावर. माणसाच्या मनात काय आहे हे सिद्ध करता येत नाही, आणि शब्द निवडतानाच तो सिद्ध होणार नाही याची काळजी घेतलेली असते. शिवाय 'कायदा आणि सुव्यवस्था' म्हणणारा प्रत्येक जण वंशद्वेष्टा नसतो. ज्या वस्तीत रोज चोऱ्या होतात तिथल्या कृष्णवर्णीय आजीलाही पोलीस वेळेवर यायला हवे असतात. तेव्हा विचारायचे ते वेगळेच. या शब्दाच्या आधारे कोणता निर्णय मागितला जातोय? तो झाला तर कोणाचे काय जाईल? हाच शब्द आपल्या माणसांसाठी ते कधी वापरतात का?

'डीईआय'ला हे प्रश्न लावून पाहा. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनजवळ विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ माणसे मेली. तपास पूर्ण होण्याआधीच, दुसऱ्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी दोष डीईआयवर टाकला. त्याच्या आठवडाभर आधी, २१ जानेवारीला, त्यांनी १९६५ पासून चालत आलेला कार्यकारी आदेश ११२४६ रद्द केला होता. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी भेदभाव करू नये आणि डावलल्या गेलेल्यांना संधी देण्यासाठी पावले उचलावीत, असे तो आदेश सांगत होता. निक्सन आणि रेगन यांच्या काळातही तो टिकला होता. आधी शब्द बदनाम झाला, मग आदेश गेला. ब्रँडन स्कॉट यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत सांगितलेच होते की या लोकांना जुनी शिवी द्यायची आहे, पण तेवढे धैर्य नाही म्हणून हा शब्द. आदेश रद्द करायला मात्र शिवीची गरज पडली नाही.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉय यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावासकट ब्लॅक पँथरकडून प्रेरणा घेऊन. पण जात म्हणजे वंश नव्हे हे बाबासाहेबांनीच ठामपणे मांडले आहे, तेव्हा सरसकट तुलना आम्ही करत नाही. शब्दांची चाल मात्र ओळखीची आहे.

आपल्याकडे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा त्यात गुन्हा आहे. त्यामुळे शहाणे झालेले लोक जातीचे नाव घेत नाहीत. 'सरकारचे जावई' म्हणतात. 'कॅटेगरीवाले', 'वस्तीतली पोरे', 'ते निळे झेंडेवाले' म्हणतात. घर भाड्याने देताना 'शाकाहारी कुटुंब हवे' म्हणतात आणि आडनाव ऐकल्यावर खोली गेल्याचे सांगतात. पीडिताला घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात जातो तेव्हा पहिला प्रश्न असतो, "जातीचे नाव घेतले का?" नसेल घेतले तर चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसतो. कायद्याने शिडीची खालची पायरी बंद केली, वरच्या मोकळ्या आहेत.

'गैरवापर' हा असाच वरच्या पायरीवरचा शब्द. हुंडाविरोधी कायद्याबद्दलही तो बोलला जातो, पण 'ॲट्रॉसिटीचा गैरवापर' म्हटले की एक अख्खा समाज खोटारडा ठरतो, कोणाचेही नाव न घेता. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात याच काळजीपोटी अटकेवर आणि गुन्हा नोंदवण्यावर अटी घातल्या. २ एप्रिलचा भारत बंद त्याविरुद्ध होता. त्यात माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले. त्या निकालातले एक म्हणणे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवे : अनुसूचित जाती-जमातींचे लोक एक वर्ग म्हणून कायद्याचा गैरवापर करतात असे गृहीत धरता येत नाही, तसे धरणे मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे. सांकेतिक शब्दाला न्यायालयाच्या कागदावर मिळालेले इतके स्पष्ट उत्तर आपण फार कमी वेळा वापरतो.

आणि 'मेरिट'? २०१९ च्या जानेवारीत १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी १० टक्के आरक्षण आले. एससी, एसटी, ओबीसींमधील गरीब त्यातून वगळलेले आहेत. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती तीन विरुद्ध दोन मतांनी ग्राह्य धरली. या कोट्यातून आलेल्या डॉक्टरकडे जायला नको, असे बोलताना आम्ही अजून कोणाला ऐकलेले नाही. वर सुचवलेला तिसरा प्रश्न इथे विचारून पाहा.

रविवारच्या विहारातल्या वर्गात किंवा अभ्यास मंडळात हे काम करता येण्यासारखे आहे. एक वही ठेवावी. नेत्याचे भाषण, सोसायटीचा व्हॉट्सॲप गट, कॉलेजचा कट्टा, वर्तमानपत्राचा मथळा, जिथे असा शब्द भेटेल तिथून तो तारीख, जागा आणि बोलणाऱ्याच्या पदासह लिहून घ्यावा. सोबत त्या वेळी कोणता निर्णय चर्चेत होता तेही लिहावे : शिष्यवृत्ती, जागेचा प्रश्न, भरती, जयंतीची मिरवणूक. सुट्या शब्दावर वाद घालता येतो. तारखांसह ओळीने मांडलेल्या चाळीस नोंदींना "तुमच्याच डोक्यात जात आहे" म्हणून उडवून लावणे अवघड जाते, आणि पुढे तक्रार, निवेदन किंवा याचिका करायची वेळ आली तर वकिलाला हातात काही मिळते. शब्द दर दोन-चार वर्षांनी बदलतात. वहीत मागे कोरी पाने पुरेशी ठेवावीत.